अण्णांचा ‘खलेजा’

‘खलेजा’ हा फसलेला तेलुगू चित्रपट, असं कोणी म्हटलं की मी भांडायला उठतो. भांडण तसं माझं नाहीच. ते शेजारच्या अण्णांकडून आलेलं आहे.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर. अण्णा पद्मशाली, उभा जन्म टॉवेलच्या यंत्रमागावर गेलेला. माझे वडील अर्धांगवायूने खाटेला खिळले, आणि मला नोकरी सोडता येईना, तेव्हा हा माणूस दुपारी आपणहून येऊन बसू लागला. औषध द्यायचा, कूस बदलून द्यायचा आणि रिमोट घेऊन तेलुगू वाहिनी लावायचा.

वडिलांना तेलुगू जेमतेम बाजारापुरतं कळायचं. तरी ‘खलेजा’ लागला की ते हसायचे. तोंड एकीकडे ओढलेलं, आवाज घोगरा, पण हसायचे. महेश बाबू चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता जी सुसाट बडबड करतो, तिच्या नुसत्या लयीवर. अण्णा मूळचे महेशच्या वडिलांचे, नट कृष्णाचे भक्त. कृष्णाने 1974 मध्ये ‘अल्लूरी सीताराम राजू’ हा चित्रपट गाजवला, आणि ‘खलेजा’तल्या नायकाचं नावही तेच. “गुरुजी, नाव क्रांतिकारकाचं, धंदा टॅक्सीचा!” हे ते दर वेळी नव्याने सांगत.

2010 मध्ये दिग्दर्शक त्रिविक्रम श्रीनिवासने हा चित्रपट आणला तेव्हा तो पडला. महेश तीन वर्षांनी पडद्यावर येत होता. लोकांना हाणामारीचा नायक हवा होता आणि मिळाला एक तोंडाळ टॅक्सीवाला, ज्याला पाली गावातले मरणाच्या दारातले लोक देव मानतात. पूर्वार्ध राजस्थानच्या वाळूत भरकटतो, मस्करी आणि देवपण यांचा मेळ बसत नाही, अशी टीका झाली. पण देवपण गळ्यात पडल्यावरही याची बडबड थांबत नाही, म्हणूनच ते देवपण सोसवतं. ती मस्करी काढून टाका, मागे नुसता भक्तिपट उरेल. आणि ती वाळूतली भटकंती नसती, तर या माणसाच्या जिभेची आपल्याला सवय कधी झाली असती? पुढच्याच वर्षी ‘दूकुडु’तल्या विनोदी महेशला लोकांनी डोक्यावर घेतलं. त्याची वाट इथेच पडली होती.

वडील गेल्यावर मी अण्णांपुढे पाकीट धरलं. ते इतके चिडले की दोन दिवस बोलले नाहीत. या माणसाचं देणं फेडायचं कसं, ते मला अजून उमगलेलं नाही. निदान त्यांच्या चित्रपटाची बाजू तरी घेतो.

2025 मध्ये ‘खलेजा’ पुन्हा थिएटरात लागला आणि तरुण पोरांनी गर्दी केली. मी अण्णांना फोनवर सांगितलं.

“मग? तेव्हा काय झोपले होते का सगळे?” म्हणाले. आणि लगेच, “पण खलनायकाला, प्रकाश राजला काम कमीच दिलंय हां. ते आपण मान्य करायचं.”