तोंड वाकडं झालं तेव्हा…

आज पिकाचं नाही, स्वतःच्या तोंडाचं लिहितोय.

मागच्या हिवाळ्यात ऐन पेरूच्या तोडणीत सकाळी चूळ भरली, तर पाणी उजव्या कोपऱ्यातून खाली. आरशात बघतो तर अर्धा चेहरा लोंबलेला, उजवा डोळा मिटेना. घरात रडारड. कुणी म्हणालं लकवा, कुणी म्हणालं वारं लागलं. झाडपाला देणाऱ्याचा पत्ताही आला. मी म्हटलं, माल किल्ल्याखाली पोचवतो, उद्या बघू. बायको म्हणाली, "पेरू उद्याबी विकतील. आधी चला."

दौलताबादहून शहर काही लांब नाही. डॉक्टरांनी हात वर धरायला लावले, बोलायला लावलं, मग भुवया उचलायला सांगितल्या. उजव्या कपाळावर आठीच पडेना. म्हणाले, "मेंदूच्या झटक्यात कपाळ बहुधा हलतं, आणि हातपाय नाहीतर बोलणं धरलं जातं. तुमचं तसं नाही. ही बेल्स पाल्सी."

चेहरा हलवणारी नस कानाजवळच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येते. तिला सूज आली की ती तिथंच आवळते. ठिबकची नळी दगडाखाली दबावी तसं. चार्ल्स बेल या स्कॉटिश डॉक्टरने १८२१ मध्ये या नसेवर लिहिलं, त्यावरून हे नाव. नक्की कारण सापडत नाही, विषाणूवर संशय आहे.

औषध म्हणजे प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, पण ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर फायदा जास्त. मला शुगर आहे, त्या गोळीने साखर वाढते, म्हणून तपासणी चालू ठेवली. खरं जपायचं ते डोळ्याला. मिटत नाही म्हणून बुबुळ कोरडं पडून जखम होते. दिवसा थेंब, रात्री मलम लावून वर चिकटपट्टी. धूळ आणि फवारणी बंद. पंप पोरानं घेतला.

तिसऱ्या आठवड्यात भुवई जरा हलली. तीन महिन्यांनी बैलाला शिट्टी घातली, तेव्हा बायको हसत हसत रडली. बहुतेक लोक असेच बरे होतात. थोड्यांच्यात कसर राहते.

भुरी दिसली की आपण फवारणी उद्यावर टाकत नाही. तोंड वाकडं दिसलं तर तेच करा. झटका की बेल्स, हे घरी ठरवत बसू नका. झटका असेल तर तासातासाला मेंदू जातो. १०८ लावा, नाहीतर मिळेल त्या गाडीने निघा. माल राहू द्या वावरात.