रात्रीचा भाव

आमच्या घरात युरोपच्या सहली शहरांच्या नावाने ओळखल्या जात नाहीत. ‘नऊची बस’, ‘पत्रा’ आणि ‘पूल’ अशी त्यांची नावं आहेत आणि तिन्ही मी निवडलेल्या हॉटेलांमुळे पडलेली. माझी उभी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली. तारण म्हणून दाखवलेली जमीन रस्त्यापासून किती आत आहे, हे स्वतः जाऊन बघितल्याशिवाय मी कधी सही केली नाही. स्वतःच्या पैशाने हॉटेल घेताना मात्र रात्रीचा भाव या एका आकड्यापलीकडे माझी नजर गेली नाही.

‘नऊची बस’ म्हणजे व्हेनिस. हॉटेलच्या नावातच व्हेनिस होतं. नकाशावर मधलं पाणीही मला दिसलं होतं. पण डोंबिवलीहून रोज फोर्टला जाऊन आलेल्या माणसाला नऊ-दहा किलोमीटरचं काय! हॉटेल निघालं मुख्य भूमीवर, मेस्त्रेच्याही पलीकडे, हमरस्त्याला लागून. खोटं कोणी बोललं नव्हतं. व्हेनिस नगरपालिकेच्या हद्दीतली बहुतेक माणसं खरं तर याच बाजूला राहतात; पाण्यातल्या जुन्या शहरात आता पन्नास हजारही रहिवासी उरलेले नाहीत. मेस्त्रे स्टेशनच्या समोर खोली घेतली असती तरी निभावलं असतं. तिथून जुन्या शहरातल्या सांता लुचिया स्टेशनला गाडी दहा-बारा मिनिटांत पोचते. आम्हाला मात्र बसशिवाय गत्यंतर नव्हतं. १९३३ साली खुल्या झालेल्या लांबलचक पुलावरून ती पियात्साले रोमाला आणून सोडते. तिथे चाकांचं राज्य संपतं, पुढे पाय नाहीतर बोट.

त्या शहराची गोम अशी, की दिवसा ते आलेल्यांचं असतं. एका दिवसापुरते आलेले लोक संध्याकाळी परत निघाले, की गल्ल्या मोकळ्या होतात, पाण्याचा आवाज ऐकू यायला लागतो. नेमकं तेव्हा आम्ही निघायचो, कारण आमच्या बाजूची शेवटची सोयीची बस नऊला होती. सान मार्कोच्या चौकात एका कॅफेपुढे वाद्यवृंद वाजत होता. खुर्चीवर बसलं तर संगीताचे पैसे बिलात लागतात, म्हणून आम्ही कडेला उभं राहून ऐकत होतो. बायकोने पर्स खाली ठेवून हाताची घडी घातली होती, म्हणजे तिला थांबायचं होतं. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, “अगं चल, बस चुकेल.” ती निमूट निघाली. खोलीवर आल्यावर मी रात्रीमागे चाळीस युरो कसे वाचले ते सांगत होतो. ती केस विंचरत होती. “अहो, ते पुढे काय वाजवत होते, कोण जाणे,” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशीही आम्ही नऊचीच बस घेतली.

‘पत्रा’ पॅरिसचा, २०१९ च्या जुलैतला. हॉटेलं शोधताना ‘वातानुकूलित’ या चौकटीतली खूण मी माझ्या हाताने काढली. युरोपात एसी कशाला लागतोय? खूण काढताच भाव झपाझप उतरले आणि मला आपल्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. खोली घेतली ती सगळ्यात वरची, थेट छपराखालची, कारण तिथून आयफेल टॉवर दिसतो असं लिहिलं होतं. दिसायचाही. बाथरूमच्या खिडकीतून मान बाहेर काढली की डावीकडे.

हॉटेलला तीन तारे होते. फ्रान्समध्ये तारे हे सरकारमान्य निकषांची यादी तपासून देतात. तीन ताऱ्यांना दोघांची खोली बाथरूम धरून किमान साडेतेरा चौरस मीटर लागते, म्हणजे आपले सुमारे १४५ चौरस फूट. ते सगळं नियमानुसार होतं. पण पॅरिसची बहुतेक छपरं जस्ताच्या पत्र्याची आहेत आणि पत्रा कुठलाही असो, तापतोच. माझं लहानपण चिपळूणला पत्र्याच्या घरात गेलं. मे महिन्यात दुपारी माळ्यावर जायचं नाही, हे मला शाळेत जाण्याआधी कळलं होतं. तोच मी पैसे मोजून माळ्यावर झोपायला आलो होतो. २५ जुलैला पॅरिसमध्ये ४२.६ अंश तापमान नोंदलं गेलं, त्या शहराचा तोवरचा उच्चांक. रात्री आम्ही हॉटेलचे टॉवेल नळाखाली भिजवून अंगावर घ्यायचो. तासाभरात ते कोरडे व्हायचे, की उठून पुन्हा भिजवायचे. खाली पंखा मागितला तर काउंटरवरच्या मुलाने आधी मागणाऱ्या खोल्यांचे नंबर दाखवले. कागद भरलेला होता.

हॉटेल बदलावं, तर तिथेही मीच आडवा. ‘रद्द केल्यास पैसे परत नाहीत’ या अटीवर थोडी सूट घेतलेली होती. ही अट मला इतकी आवडायची, की व्हिसा हातात पडण्याआधीच मी तिच्यावर पैसे भरायचो. रोमच्या एका बुकिंगचे पैसे असेच गेले आहेत: पासपोर्ट अजून वकिलातीत, आणि रोममधली आमची खोली आमच्याविना रिकामी. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, ते बायकोला अजून पूर्ण माहीत नाही.

त्या दुपारी आम्ही पॅरिसमध्ये काय पाहिलं, तर एका सुपरमार्केटमधली दह्याची कपाटं. तिथे गार वाटायचं. बायको डबे उचलून त्यावरचं फ्रेंच वाचल्यासारखं करायची, मी पुढच्या कपाटाशी. सेन नदीकाठची चक्कर, मोंमार्त्रची टेकडी, सगळं ‘ऊन उतरल्यावर’वर गेलं आणि ऊन उतरेपर्यंत आमच्यात जीव उरायचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्या जस्ताची छपरं घालणाऱ्या कारागिरांचं कौशल्य युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं. बातमी मी मोठ्याने वाचून दाखवली. घरात फारशी दाद मिळाली नाही.

‘पूल’ हे प्रकरण मात्र हसण्यावारी नेता येत नाही, कारण त्याची किंमत दुसऱ्याने दिली.

थोरल्या बहिणीला व्हेनिस दाखवायचं होतं. ताई सत्तरीच्या पुढची, गुडघे तिचे कधीचेच कुरकुरणारे. नऊच्या बसचा डाग धुवायचा म्हणून या वेळी मी हॉटेल जुन्या शहरातच घेतलं, सान मार्कोपासून चारशे मीटरवर. व्हेनिसचे पत्ते आपल्यासारखे नसतात. शहराचे सहा भाग. भागाचं नाव आणि पुढे नंबर, आणि हे नंबर गल्लीगणिक नाही, तर अख्ख्या भागात सलग फिरतात. आमचा पत्ता कास्तेल्लो आणि चार आकडे, एवढाच. स्टेशनबाहेर वॉटर टॅक्सीचा दर ऐकून मी मान हलवली आणि माणशी साडेनऊ युरोंची बोटीची तिकिटं काढली. सान झाक्कारियाच्या धक्क्यावर उतरलो. तिथून फोन सांगत होता, चालत सात मिनिटं.

फोनच्या नकाशात पूल म्हणजे एक सपाट रेघ. प्रत्यक्षात खालून बोटी जायच्या असतात, म्हणून तो कमानीचा असतो: पायऱ्या चढा, पायऱ्या उतरा. आमच्या वाटेवर असे चार होते. बॅगा तीन, उचलणारा मी एकटा. पहिली बॅग वर नेऊन ठेवायची, तिच्यापाशी ताईला उभं करायचं, खाली उरलेल्यांपाशी बायको, मग मी परत खाली. वाघ, शेळी आणि गवताच्या भाऱ्याचं कोडं लहानपणी फार आवडायचं, त्या दिवशी ते पुरेसं झालं. उंच भिंतींच्या मध्ये फोनवरचा निळा ठिपका भरकटला आणि एका गल्लीतून आम्ही थेट पाण्यापाशी आलो. पुढे वाटच नाही. मागे फिरलो, म्हणजे उतरलेला पूल पुन्हा चढलो. “अरे, अजून किती?” ताईने विचारलं. मला माहीत नव्हतं, तरी मी “हे काय, आलंच” म्हणालो. आज त्या सगळ्यात मला याचीच जास्त लाज वाटते. तिसऱ्या पुलाच्या मधल्या पायरीवर ती कठडा धरून खाली बसली, आणि येणारे-जाणारे तिच्या बाजूने बॅगा उचलून जात राहिले.

हॉटेलवाल्यांनी यातलं काही लपवलं नव्हतं. राहून गेलेल्यांपैकी कितीतरी जणांनी वाटेवरच्या छोट्या पुलांचा उल्लेख केला होता. मी तो शहराची शोभा म्हणून वाचला. लिफ्ट नाही, हेही लिहिलेलं होतं. खोली दुसऱ्या मजल्यावर. धक्का ते हॉटेल वाटेत पूल किती, एवढं एका ओळीच्या मेलने विचारता आलं असतं.

रात्री ताईचा गुडघा सुजला. खालच्या बारमधून बायको बर्फ घेऊन आली. ताईसाठी काढलेला पंचवीस युरोंचा बोटीचा पास दुसऱ्या दिवशी टेबलावरच राहिला आणि ती खिडकीपाशी बसून समोरच्या घरांमधले वाळत घातलेले कपडे बघत राहिली. मुरानोची काचेची भट्टी तिला बघायची होती, ती राहिलीच. वॉटर टॅक्सी नाकारून वाचलेले पैसे आणि वाया गेलेला पास, पट्टी, औषध यांची वजाबाकी मी परतल्यावर वहीत केली. करायला नको होती. ताई आजही विचारलं की सांगते, “खिडकी छान होती हो.” ती हे खरंच म्हणते की माझ्यासाठी म्हणते, ते मी अजून विचारलेलं नाही.

पुढच्या वर्षी लिस्बन ठरतंय. सगळं शहर टेकड्यांवर. हॉटेल या खेपेला बायको निवडते आहे. १७५५ च्या भूकंपानंतर आखून बांधलेला बाइशाचा सपाट भाग, लिफ्ट, एसी, चहासाठी किटली आणि कधीही रद्द करायची मुभा, एवढ्या तिच्या अटी. भाव मी ऐकला आणि गप्प बसलो. मला विमानतळावरून येण्या-जाण्याचं काम दिलं आहे. वर आल्फामात एक खोली आहे, नदी दिसणारी, रात्रीला एकतीस युरोंनी स्वस्त. ते पान माझ्या फोनवर अजून उघडं आहे. पायऱ्यांबद्दल तिथे एकाच बाईने लिहिलंय, आणि ती मला जरा तक्रारखोरच वाटते.