पूर्णा ते मांगीतुंगी : छतावरचे ओझे

ठाण्याहून बाळकुम मागे टाकून कशेळीचा पूल ओलांडला की जुन्या आग्रा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामांची रांग सुरू होते. आधी कशेळी, मग काल्हेर, मग पूर्णा. भिवंडी म्हटले की परक्या माणसाला यंत्रमाग आठवतात. व्यापारी माणसाला मात्र पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडा ही गावे आठवतात, कारण त्याचा माल तेथे पडून असतो. मुंबईत जकात होती त्या काळी माल हद्दीबाहेर उतरवून लागेल तसा आत नेणे सोयीचे पडे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट वाढली. आज त्या रस्त्यावर ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब उभे आहेत आणि त्या मार्गावरील एका स्थानकाला पूर्णा हेच नाव मिळाले आहे.

आमचेही एक गोदाम या गावात आहे. ज्या गावात दिवसभर मालाची चढउतार चालते, त्या गावातील माणसाला चार बॅगा गाडीवर कशा ठेवाव्यात हे शिकावे लागावे, ही गोष्ट विचित्र वाटेल. पण गेल्या हिवाळ्यात आम्ही गजपंथा आणि मांगीतुंगी या क्षेत्रांच्या यात्रेस निघालो, तेव्हा मला ते नव्याने शिकावे लागले.

आम्ही सात जण होतो. ब्याऐंशी वर्षांच्या मातोश्री, आम्ही पतिपत्नी, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडे. गाडी सात आसनांची. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना तिची अडचण ठाऊक असेल : मागची रांग उघडली की डिकीत दोन पिशव्यांपुरतीच जागा उरते. चिरंजीव म्हणाले, "पप्पा, वर कॅरियर बसवून टाकू. प्रश्न मिटला." मी लगेच होकार दिला नाही. कारण कॅरियर म्हटले की मला कसाऱ्याचा घाट आठवतो.

मी तरुण असताना आमचे कुटुंब नाशिकहून भाड्याच्या गाडीने परतत होते. गाडीच्या टपावर लोखंडी कॅरियर होते आणि त्यावर जेवढे मावेल तेवढे आम्ही रचले होते. वर ताडपत्री घालून नायलॉनच्या दोरीने बांधले. वाऱ्याने ताडपत्री फडफडत राहिली, दोरीची गाठ हळूहळू सैल झाली आणि घाटातील एका वळणावर भांड्यांची पिशवी मागच्या रस्त्यावर पडली. मागून एक मोटारसायकल येत होती. चालकाने ती वाचवण्यासाठी बाजूला घेतली, गाडी घसरली, तो आणि त्याची पत्नी दोघेही पडले. सुदैवाने खरचटण्यावर निभावले. वडिलांनी स्वतः त्यांच्या जखमा धुतल्या, पाणी पाजले, क्षमा मागितली. गाडीत बसल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "सामान आपलं होतं, जीव त्यांचा होता."

त्या काळी कॅरियर ही अगदी सर्वसामान्य गोष्ट होती. मशीद बंदर आणि काळबादेवीच्या व्यापाऱ्यांनी कितीतरी गाठोडी काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीच्या टपावरून नेली असतील. पद्मिनी किंवा अँबेसेडरच्या छताच्या कडेला पावसाच्या पाण्यासाठी पन्हळ असे. कॅरियरचे पाय त्या पन्हळीत घट्ट बसत. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मुदत संपताच, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, ती रस्त्यावरून गेली. आजच्या गाड्यांच्या छताला ती पन्हळ नाही. म्हणून जुन्या अनुभवावर विसंबून नवे कॅरियर घेता येत नाही.

आम्ही प्रथम एका दुकानात गेलो. विक्रेत्याने लोखंडी जाळीचे भक्कम कॅरियर दाखवले आणि सांगितले, "शेठ, शंभर-दीडशे किलो आरामात जाईल." कॅरियरने ते वजन पेललेही असते. प्रश्न कॅरियरचा नव्हता, छताचा होता. घरी येऊन गाडीची पुस्तिका उघडली. एवढ्या वर्षांत ती प्रथमच उघडली गेली, हे कबूल करतो. त्यात छतावरील भाराची मर्यादा स्पष्ट लिहिली होती : ५० किलो. वेगवेगळ्या गाड्यांना ही मर्यादा वेगवेगळी असते. काहींना अधिक असते, काहींच्या छतावर काहीच ठेवू नये असेही लिहिलेले असते. आणि या मर्यादेत कॅरियरचे स्वतःचे वजनही धरावे लागते. आपण गोणीचे वजन करताना बारदानाचे वजन धरतो, तसेच हे.

हा हिशोब मांडला तेव्हा निवड आपोआप सोपी झाली. कॅरियर मुख्यतः तीन प्रकारचे. पहिले उघड्या जाळीचे : स्वस्त, मजबूत, ओबडधोबड सामानाला सोयीचे, पण धूळ-पावसापासून संरक्षण नाही आणि बांधणी सर्वस्वी आपल्या हाती. दुसरी बंद पेटी : कुलूप लागते, पाणी शिरत नाही, निमुळत्या आकारामुळे वारा कमी अडतो, पण किंमत मोठी आणि काढून ठेवायला घरात जागा लागते. तिसरी जाड जलरोधक कापडाची पिशवी : हलकी, घडी होणारी, मात्र ती पूर्ण भरावी लागते, टोकदार वस्तू चालत नाहीत आणि कुलपाचा उपयोग नाही, कारण कापड कापता येते. तिन्ही प्रकारांना खाली दोन आडव्या दांड्या असणे उत्तम. आम्हाला दाखवलेल्या दांड्या ५ किलोच्या होत्या, जाळी १४ किलोची, पेटी १५ किलोची आणि पिशवी ४ किलोची. म्हणजे जाळी घेतली तर सामानाला ३१ किलो उरत होते, पेटी घेतली तर ३०, पिशवी घेतली तर ४१. आम्ही पिशवी घेतली.

दांड्या कशाला धरून बसतात हेही पाहावे लागते. अनेक गाड्यांच्या छताच्या दोन्ही कडांना लांब पट्ट्या दिसतात. त्यांना रूफ रेल म्हणतात. परंतु काही गाड्यांवर त्या केवळ शोभेच्या असतात, भार घेण्यासाठी नसतात. बोटाने दाबून ते कळत नाही; पुस्तिकेत पाहावे किंवा कंपनीच्या सेवाकेंद्रात विचारावे.

कायद्याची बाजूही व्यापारी माणसाने दुर्लक्षू नये. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशील बदलेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. म्हणून छताला भोके पाडून किंवा वेल्डिंग करून कायमचा सांगाडा बसवण्याच्या फंदात पडू नये. गाडीच्या कंपनीने मान्य केलेले, काढता-घालता येणारे साधन घ्यावे आणि शंका असल्यास आरटीओत विचारून घ्यावे. गाडीच्या बाजूंना, पुढे-मागे किंवा परवानगीपेक्षा उंच सामान बाहेर आले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे सामान पूर्णा येथील गोदामात आणले, कारण तेथे वजनकाटा आहे. घरातील कपड्यांच्या चार बॅगा ५८ किलो. गाद्या व पांघरुणे १४ किलो. उकळलेल्या पाण्याचे दोन कॅन ४१ किलो. खाखरे, पिठे, सुका शिधा, भांडी मिळून १९ किलो. मातोश्रींची चाकांची खुर्ची १६ किलो. एकूण १४८ किलो! चार दिवसांच्या यात्रेसाठी. सूनबाई हसू लागल्या. मला मात्र हसू आले नाही.

आमच्या येथील माथाडी टोळीचे मुकादम हे पाहत उभे होते. ते म्हणाले, "शेठ, तुम्ही जड वर चढवायला निघालात. ट्रकमध्ये आम्ही कधी असं भरतो का? जड खाली, हलकं वर. वर जड गेलं की वळणावर गाडी डोलते." हे ज्ञान माझ्या डोळ्यांसमोर रोज वावरत होते, पण स्वतःच्या गाडीला लावायचे मला सुचले नव्हते. छतावर भार गेला की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो; वळणावर ती अधिक कलते आणि अचानक ब्रेक लावला तर वरचे सामान पुढे झेपावू पाहते. छत आपल्याला जागा देते, ताकद देत नाही. म्हणून तेथे ठेवायचे ते हलके, पण जागा खाणारे आणि वाटेत न लागणारे सामान.

मग फेरवाटणी झाली. मांगीतुंगीला धर्मशाळा व भोजनशाळा आहे, हे ठाऊक असूनही आम्ही संसार घेऊन निघालो होतो. बिछाना निम्म्याहून कमी केला, भांडी ठेवून दिली, शिधा वाटेपुरता घेतला. पाण्याचा एकच कॅन घेतला आणि तो गाडीच्या तळाशी ठेवला. पुढचे पाणी मुक्कामी उकळता येणार होते. मातोश्रींची खुर्ची प्रत्येक ठिकाणी लागणार, म्हणून तिला डिकीत पहिला मान. कपड्यांच्या चारच्या तीन बॅगा झाल्या, त्यांतील एक आत. वरच्या पिशवीत उरलेल्या दोन मऊ बॅगा आणि अंथरूण गेले : एकूण ३४ किलो. मर्यादेपर्यंतचे ७ किलो मुद्दाम रिकामे सोडले. मुकादमांनी दोरीऐवजी खटक्याचे रॅचेट पट्टे लावले, आडवे दोन आणि उभे दोन, पट्ट्यांची मोकळी टोके खोचून टाकली. पूर्ण भाराला सांगितलेली हवा टायरांत भरली. ती संख्या चालकाच्या दाराजवळच्या चिकटपट्टीवर असते. शेवटी जमिनीपासून पिशवीच्या माथ्यापर्यंतची उंची मोजून चालकासमोर लिहून लावली. गोदामाच्या फाटकातून ट्रक जातात, तेथे चिंता नाही; पण निवासी संकुलांच्या तळघरातील वाहनतळाला असे सामान सहज अडकते.

पहाटे निघालो. अंजूरफाटा, माणकोली, मग नाशिक महामार्ग. वेग ताशी ८० च्या वर न्यायचा नाही असे ठरवले होते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो, इंधनही जास्त जळते आणि पट्ट्यांवरचा ताणही वाढतो. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपायचे, या घाईत अनेक यात्रेकरू गाडी दामटतात. त्यापेक्षा तासभर लवकर निघणे हा साधा उपाय आहे.

शहापूरजवळ आसनगावच्या मानस मंदिरात दर्शन घेऊन परत आलो आणि पट्टे तपासले. चारही पट्टे चार बोटे सैल झाले होते! कोणाची चूक नव्हती. मऊ सामान हादऱ्यांनी बसते, आणि ते बसले की पट्टा सैल होतो. म्हणून पहिल्या टप्प्यावर थांबून पुन्हा आवळणे हे बांधण्याइतकेच महत्त्वाचे आहे. चिरंजीवांनी ते आवळले. पुढे कसाऱ्याच्या घाटातील वळणे आली तेव्हा मी आरशात मागे पाहिले. मागे एक मोटारसायकल होती. तिच्यावरचा तरुण आम्हाला ओलांडून निघून गेला. त्याला काहीच कळले नाही, आणि तसेच असायला हवे.

गजपंथेचे दर्शन झाले. दुसऱ्या दिवशी सटाणा, ताहाराबाद मागे टाकून मांगीतुंगीची जोडशिखरे दिसू लागली. डोंगराच्या अखंड पाषाणात कोरलेली भगवान ऋषभदेवांची १०८ फूट उंचीची मूर्ती, जिची प्रतिष्ठापना २०१६ मध्ये झाली, तिच्याकडे मातोश्री आपल्या खुर्चीत बसून हात जोडून बराच वेळ पाहत होत्या. ज्यांनी राज्य सोडले त्यांच्यापुढे आम्ही दोन गाद्या सोडून आलो होतो, एवढाच आमचा त्याग.

चार दिवसांत घरी ठेवलेल्या एकाही वस्तूची आठवण कोणाला झाली नाही. परत आल्यावर दांड्या आणि पिशवी त्याच दिवशी काढली, कारण रिकामे कॅरियरही वारा अडवते आणि इंधन खाते. ते सामान आता पूर्णा येथील गोदामाच्या भिंतीवर टांगलेले आहे. बाजूला कागद चिकटवला आहे : छत ५०, दांड्या ५, पिशवी ४, सामान ४१ च्या आत.

त्या दिवशी मुकादमांनी विचारले, "काही पडलं-बिडलं नाही ना, शेठ?"

"नाही मुकादम," मी म्हणालो, "कोणीच पडलं नाही."