खेळ राहिले, पायऱ्या गेल्या

मुलांनो, बाईंचीही चूक होते बरं का!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरला नवा मदरबोर्ड आणि प्रोसेसर बसवायचं ठरलं. चौथीच्या मुलांचा जीव टांगणीला! ‘‘बाई, आमचे खेळ जातील?’’

मी ऐटीत म्हणाले, ‘‘अरे, खेळ हार्ड डिस्कवर असतात, मदरबोर्डवर नव्हे. डिस्क तीच राहणार. काही जाणार नाही!’’

पण मदरबोर्ड बदलल्यावर जुनं विंडोज चालेना. दुरुस्तीवाल्या दादांनी सी ड्राइव्ह फॉरमॅट केला. खेळ होते डी ड्राइव्हवर. दोन-तीन पुन्हा इन्स्टॉल करावे लागले, बाकीचे शाबूत. उघडून बघते तो काय, सगळी मुलं पहिल्या पायरीवर! कोण कुठवर पोचलं याची नोंद सी ड्राइव्हवरच्या डॉक्युमेंट्समध्ये होती. ती मी शोधलीच नव्हती.

आमची एक मुलगी तेव्हा आईबापांबरोबर ऊसतोडणीला गेली होती. जाण्याआधी मधल्या सुट्टीत खेळून खेळून ती बाराव्या पायरीवर पोचली होती. होळीनंतर ती परतली, धावत कॉम्प्युटरपाशी गेली.

‘‘चूक माझी आहे, बाळ,’’ मी म्हणाले. ती काही बोलली नाही. माउस घेऊन पहिल्या पायरीपासून खेळायला बसली. त्या दिवशी तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

तेव्हा कॉम्प्युटरचं काही बदलण्याआधी खेळाबरोबर त्याची नोंदही शोधा आणि पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. ती सापडेपर्यंत ‘काही जाणार नाही’ असं मात्र कुणाला सांगू नका!