शिंप्याच्या हातातली कडी

त्या शिंप्याचं काय करायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

स्टीफन चाऊच्या 'कुंग फू हसल'मध्ये (२००४) तो तसा कडेकडेनेच वावरतो. चाळीसच्या दशकातलं शांघाय, उंच टोप्या घालून नाचणारी कुऱ्हाड टोळी, आणि गुंडांनीही ढुंकून पाहू नये इतकी दरिद्री वस्ती. तिथला हा शिंपी. बायकी चाल, मुरके, चिरका आवाज. डोक्याला कर्लर लावलेली, ओठात सिगारेट धरलेली घरमालकीण त्याला घालूनपाडून बोलते, आपण हसतो. मग टोळी येते आणि त्याच्या हातांवर लोखंडी कडी चढतात. एकेका ठोशाला गुंड आडवा.

दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. म्हण अगदी फिट्ट बसते. हमाल, न्याहारीवाला, पुढे खुद्द मालक-मालकीण, सगळेच लपलेले उस्ताद. पण शिंप्यापाशी म्हणीचं गाडं अडतं. कारण मारामारी आटोपल्यावरही तो मुरकतोच. मुरकणं हे सोंग नव्हतं. म्हणजे दिसत होतं तसं होतंच, वर आणखीही काही होतं. या 'आणखी'ला म्हणीत जागा नाही; तिला एक खोटं पाडल्याशिवाय दुसरं खरं करता येत नाही. आणि फसलं तरी कोण? गुंड फसले, ठीक. मालकीण तर स्वतःच लपून बसलेली, तिला हे कळायला हवं होतं. टोमणे तीच मारते.

मला आपले गणपत पाटील आठवत राहतात. कोल्हापूरचा हा कसलेला नट पडद्यावर नाच्या झाला आणि तो नाच्या रस्त्यावरही त्यांचा पिच्छा सोडीना. त्यांच्याविषयी कळवळून सांगतात की प्रत्यक्षात ते तसे नव्हते हो, चांगले संसारी गृहस्थ होते. इथे म्हण बिनचूक लागू पडते, आणि नेमकं तेच मला खुपतं. तसे असते तर? मग कळवळा आटला असता? रवी जाधवांच्या 'नटरंग'मध्ये (२०१०) नायक गुणा नाच्या होतो, पण त्याआधी आपल्याला त्याची पैलवानी काया डोळे भरून दाखवून घेतलेली असते. जणू अनामत रक्कम. आपण तालीम आधी दाखवतो, चाऊ कडी नंतर दाखवतो. फुकटात मुरकायची सोय दोन्हीकडे नाही.

एवढं म्हणून रागावून बसावं, तर शिंप्याचं काम केलेले चिउ ची-लिंग हे खरोखरीच हुंग गार कुंग फूचे नावाजलेले गुरू. ठोसे त्यांचे स्वतःचे, अभिनय मुरकण्याचा. त्यांना ओळखणारा हाँगकाँगचा प्रेक्षक मुरक्यांना नाही, गुरुजींच्या खोडकरपणाला हसत असेल. मी सबटायटल वाचत हसलो, ते कशाला? आणि माझा आक्षेप नक्की कुणाच्या वतीने आहे? तो शिंपी तर मला विचारायला आलेला नाही.

सिनेमात त्याला तंतुवाद्यातून अदृश्य पाती सोडणारे मारेकरी मारतात. तिथे कुणी हसत नाही. त्याने एकही गुंड लोळवला नसता, नुसते कपडे शिवले असते, तर तो मेल्याचं चाऊने इतकं मनावर घेतलं असतं का? बहुधा नाही. पण मग मी तरी घेतलं असतं का?