लियांगशानची टेकडी

पर्ल बकबाईंनी १९३३ साली इंग्रजीत आणलेली ‘ऑल मेन आर ब्रदर्स’ ही चिनी कादंबरी मी कॉलेजात असताना वाचली. १०८ बंडखोर, कोसच्या कोस पसरलेली दलदल आणि मधोमध अभेद्य डोंगर! त्यामुळे गेल्या वर्षी शिकागोहून चीनला जायचं ठरलं, तेव्हा सौ.च्या यादीत चिनी भिंत होती आणि माझ्या यादीत शानडोंग प्रांतातलं लियांगशान.

डोंगर कसला, टेकडीच ती! उंची जेमतेम दोनशे मीटर. “एवढ्यासाठी आलो? पर्वती काय वाईट होती?” इति सौ. पाण्याचा तर मागमूस नाही. पीत नदी फुटून ही दलदल तयार झाली होती. पुढे नदीनं पात्र बदललं, गाळ साचला आणि आता तिथं शेतं आहेत. उरलंय ते जवळचं डोंगफिंग सरोवर.

माथ्यावर नव्यानं बांधलेलं बंडखोरांचं सभागृह आहे. तिथं बसून पुस्तक आठवलं. गंमत म्हणजे कादंबरी बंडखोरांआधी गाव छ्यूची ओळख करून देते. हा चेंडू छान उडवायचा, तेवढ्या भांडवलावर राजाच्या मर्जीत शिरून सेनापती झाला! त्याच्या दत्तक मुलाचा डोळा लिन छुंग या लष्करी शिक्षकाच्या बायकोवर. म्हणून लिन छुंगवर खोटा आळ, तडीपारी, आणि शेवटी लियांगशान.

ही कादंबरी झाली. पण सुंग घराण्याच्या अधिकृत इतिहासातली एक नोंद मला जास्त बोचली. हुइझोंग सम्राटाच्या काळात (११०० ते ११२६) यांग ज्येन नावाच्या दरबारातल्या खोजानं इथल्या होड्यांवर कर बसवला. आसपासच्या जिल्ह्यांतली गरीब माणसं मासे आणि लव्हाळ्यावर जगायची. कर चुकवला की चोर म्हणून धरायचे. म्हणजे काल कोळी, आज दरोडेखोर, माणूस तोच! सुंग जियांग हा बंडखोरांचा म्होरक्याही खरा. तो ११२१ साली शरण आला. तो या दलदलीत राहिला असं मात्र तो इतिहास म्हणत नाही. ती जोड कथाकारांची.

हे कर बसवणारे राहायचे खायफंगला, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत. म्हणून पुढे तिकडेच गेलो. तिथल्या संग्रहालयात शहराच्या नगरप्रमुखांची नावं कोरलेली शिळा आहे. त्यात १०५७ साली आलेल्या पाव चंगचं नाव दिसतच नाही. हा लाच न घेणारा, राजाच्या सोयऱ्यांनाही न सोडणारा. लोकांनी पिढ्यान् पिढ्या “हाच तो” म्हणत बोट टेकवलं, आणि दगडाला चक्क खळगा पडला.

सौ. त्या खळग्यापुढे बराच वेळ उभी होती. त्या गडबडीत चिनी भिंत राहिली ती राहिलीच.