पावसावर चालणारा साचा

मे महिन्यात आमच्याकडच्या वहाळांकडे बघवत नाही. कोंडींत हिरवं पाणी थबकलेलं असतं, धोंडे पांढरे पडलेले असतात आणि गुरं खूरसुद्धा न भिजवता पलीकडे जातात. दोडामार्गच्या मुलखात वाढलेल्या माणसाला वाहतं पाणी म्हणजे चार महिन्यांचा दंगा आणि आठ महिन्यांची वाट. म्हणून ऐन मेच्या दुपारी खोपोलीत पाताळगंगा वाहताना पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मी पुलाचा कठडा धरून उभाच राहिलो. खाली एक बाई कमरेला पदर खोचून गोधड्या आपटत होती. ‘एवढं पाणी आता कुठून?’ मी वरूनच विचारलं. तिने मान न वळवता डोंगराकडे हात केला. ‘वरनं सोडलंय.’

वर म्हणजे बोरघाटाच्या माथ्यावर. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांत पावसाळाभर साठलेलं पाणी नळांतून जवळजवळ पाचशे मीटर खाली येतं, पेल्टन चाकांच्या वाट्यांवर आदळतं, चाक फिरवतं आणि मग काहीच न झाल्यासारखं नदीत शिरतं. वळवणला अडवलेलं पाणी मुळात इंद्रायणीचं. त्याच्या नशिबी भीमा, कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर होता. माणसाने त्याला घाटाच्या कड्यावर आणून पश्चिमेकडे वळवलं आणि ते धरमतरच्या खाडीचं झालं.

ही कल्पना जमशेटजी टाटांची. ती उभी राहिलेली पाहायला ते राहिले नाहीत, 1904 मध्ये गेले. 1910 मध्ये कंपनी निघाली, पुढल्या वर्षी कामाची कोनशिला बसली आणि 1915 मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली. कशासाठी? गिरण्यांसाठी. तोवर गिरण्या वाफेवर चालत, कोळसा दुरून आणावा लागे आणि धुराड्यांची काजळी परळ-लालबागच्या चाळींत वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे.

इथे माझं या गावाशी नातं सुरू होतं. माझे आजोबा, आम्ही त्यांना आजो म्हणत असू, गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. सावंतवाडी-मालवणकडची माणसं गिरणगावात जात तशीच तेही गेले. भाताची कापणी उरकून बोटीने जायचं, गाळ्यात पंधरा जणांत वळकटी टाकायची आणि पाळीवर उभं राहायचं. पुढे म्हातारपणी ते पडवीत बसून नातवंडांना त्या कारखान्याच्या गोष्टी सांगत. त्यातलं एक वाक्य घरात म्हणीसारखं राहिलं : ‘आमचो साचो पावसार चालता.’ आम्हांला वाटे, म्हातारा गंमत करतोय. साचा तर छपराखाली असतो, त्याला पावसाशी काय? खोपोलीच्या पुलावर मला ते वाक्य समजलं. कोकणातला पाऊस त्यांना गाव सोडायला लावत होता, कारण एक पीक काढून तो निघून जाई. आणि तसलाच पाऊस, घाटावर पडलेला, तारांतून मुंबईत येऊन त्यांच्या हातातला धोटा पळवत होता. जॉबरकडून, जुन्या माणसांकडून त्यांनी हे ऐकलं असेल आणि पावसात जन्मलेल्या माणसाने ते लगेच आपलं करून टाकलं असेल. साचेखात्यातल्या खडखडाटाने त्यांचा एक कान अधू झाला होता. त्या बाजूने हाक मारली की ऐकू जात नसे, पण कौलांवर पहिली सर आली की कुणाच्याही आधी त्यांना कळे.

खोपोली विजेच्याही आधी रस्त्याचं गाव होतं. घाट चढण्यापूर्वी बैलांना पाणी पाजायचं ठिकाण. नाना फडणविसांनी इथे तळं आणि महादेवाचं देऊळ बांधलं ते उगाच नाही. पुण्याहून बोरघाटाने कोकणात उतरणाऱ्या प्रत्येकाचे पाय इथेच थबकत. आगगाडी 1856 मध्ये इथवर आली आणि थांबली, कारण पुढे कडा होता. 1863 मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग खुला होईपर्यंत इथे उतरून पालखीने, तट्टावरून घाट चढायचा आणि वर पुन्हा गाडीत बसायचं. पुढे मुख्य मार्ग बाजूने गेला आणि खोपोलीची शाखा तशीच राहिली. आजही लोकल इथे येते आणि डोंगराला पाठ करून परत जाते. त्या तळ्याच्या पायऱ्यांवर संध्याकाळी बसावं. समोर सह्याद्रीची भिंत, त्या भिंतीवरून उतरणारे नळ, मागे कारखान्यांचे दिवे. नदीकाठी गगनगिरी महाराजांचा मठ आहे, जवळच महडचा वरदविनायक आहे, आणि पावसाळ्यात झेनिथचा धबधबा पाहायला मुंबईची पोरं झुंडीने उतरतात. त्या धबधब्याला शेजारच्या पाइपांच्या कारखान्याचं नाव पडलंय. मला त्यात काही खटकत नाही. ज्या गावात पाण्यानेच कारखाने आणले, तिथे कारखान्याने पाण्याला नाव दिलं तर ते देवघेवीतलंच.

पण या पाण्याखाली काय गेलं, हेही बोललं पाहिजे. खोपोलीपाठोपाठ 1922 मध्ये भिवपुरीचं वीजकेंद्र आलं, 1927 मध्ये भिऱ्याचं. भिऱ्यासाठी मुळशीचं खोरं बुडालं. पांडुरंग महादेव बापट 1921 पासून मावळ्यांबरोबर लढले, तुरुंगात गेले आणि त्या लढ्यातूनच ‘सेनापती’ झाले. धरण झालंच. मुंबईच्या दिव्यांची गोष्ट सांगताना ही गोष्ट गाळणारा माणूस मला अर्धाच वाटतो.

कारण मी तिलारी नदीचा शेजारी आहे.

आमच्या डोक्यावरही अशीच भिंत आहे. वर चंदगड, खाली आम्ही. घाटमाथ्यावर अडवलेलं पाणी कोनाळकट्ट्याच्या जनित्राकडे उतरतं आणि साठेक मेगावॉट वीज देतं. चाक फिरवून सुटलेलं पाणी इथेही वाया जात नाही, बंधाऱ्यांत आणि कालव्यांत शिरतं. शिवाय खाली महाराष्ट्र आणि गोवा यांचं मिळून मोठं मातीचं धरण आहे. करार 1990 चा, पाण्याचा मोठा वाटा गोव्याचा आणि म्हणून खर्चाचाही. आयनोडे, सरगवे, शिरंगे, केंद्रे ही गावं त्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठच्या जुन्या पायवाटा पुन्हा वर येतात. एका म्हाताऱ्याला मी अशा वाटेवर उभं राहून बोटाने दाखवताना पाहिलंय : इथे आमची तुळस, इथे विहीर, इथे शेणकूट. बोट फिरत होतं नुसत्या भेगाळलेल्या चिखलावर, पण एकदाही अडखळलं नाही.

एवढं पाणी, एवढा उतार, तरी खोपोली झाली ती तिकडे. आमच्याकडे शहर उभं राहिलं नाही. 1999 पर्यंत आमचा तालुकाही वेगळा नव्हता, सावंतवाडीच्या पोटात होता. आडाळीची औद्योगिक वसाहत किती वर्षं आम्ही फलकावर वाचतोय. एका परीने जंगल राहिलं म्हणून मी मनापासून सुखावतो. 2002 पासून कर्नाटकातून उतरलेले हत्ती इथे फिरतात, 2020 मध्ये तिलारीचं रान संवर्धन राखीव झालं, मांगेलीचा धबधबा पाहायला आषाढात रांग लागते. पण हत्तीने रात्रीत केळीची बाग आडवी केलेल्या माणसासमोर उभं राहून मला या सुखाबद्दल बोलता येत नाही, आणि बोलूही नये. मला जंगलही हवंय आणि पोरांना घराजवळ कामही हवंय. यातलं एक सोड म्हणणाऱ्याला मी विचारेन, की चाक फिरवून तेच पाणी पुन्हा शेताला देणारी नदी आमच्याच दारातून जाते ना? मग एका पाण्याने दोन कामं होतात, हे आम्हांला कुणी शिकवायचं?

गेल्या मृगात सकाळी सहाला दोडामार्गच्या तिठ्यावर उभा होतो. गोव्याच्या दिशेने दुचाकींची रांग चालली होती, म्हापसा-थिवी-डिचोलीकडच्या कारखान्यांत. तिलारीही तिकडेच जाते, पुढे शापोरा होते. शेजारच्या वाडीतला एक पोरगा कडेला थांबून डब्याची पिशवी हँडलला नीट अडकवत होता.

‘खंय रे?’

‘फर्स्ट शिफ्टीक, काका.’

आजो त्याला दिवसपाळी म्हणायचे. पोराने हेल्मेट चढवलं, काच खाली ओढली, आणि तिच्यावर पावसाचे चार मोठे थेंब टपटपले.